डावी ओढ

बंदीचे दिवस. होड्या वर ओढलेल्या,
त्यांच्यावर झापं, झापांवर कावळे.
आनंदवाडीत एवढे हात एकदम रिकामे
की पत्त्यांचे जोडही पुरत नाहीत.

मी माळ्यावर. स्टॅबिलायझर घरघरतोय,
आणि जुन्या फुगीर टीव्हीत माझा एकहाती तलवारबाज
पुलाच्या अलीकडे उभा आहे, श्वास घेत.
त्याचा श्वास चार चित्रांचा. मोजलाय मी.

कन्सोल वीस वर्षांचा. मस्कतहून आला तेव्हा
फक्त तिकडच्याच डिस्क खायचा, इथल्या थुंकायचा.
मग पुरशा खवणेकराने,
जो ट्रॉलरचे वायरलेस आणि मासे दाखवणारी यंत्रं उघडतो,
याच्याही पोटात एक चिप डकवली,
पाच तारा, केसासारख्या, चष्मा कपाळावर ढकलून.
पुढे खाऱ्या हवेने डिस्कची मोटर खाल्ली,
तर ती काढून तिच्या जागी नखाएवढं कार्ड.
आता झाकण उचललं तर आत एक रिकामी खोली आहे.
काही फिरत नाही तिथे,
आणि तरी खेळ चालतो.

खेळ जपानी. अक्षर कळत नाही एकही.
तिसऱ्या ओळीवर जपून ठेवता येतं,
चौथ्या ओळीवर सगळं पुसलं जातं,
हे एकदा सगळं पुसून शिकलो.

आणि रिमोटची डावी काठी झिजलेली.
हात लावला नाही तरी तलवारबाज डावीकडे सरकतो,
नांगर न टाकलेली पात सरकते तसा.
मी अंगठ्याने त्याला उजवीकडे धरून ठेवतो,
अगदी थोडं. किती ते सांगता येणार नाही,
अंगठ्याला ठाऊक.

बाबांची ‘सातेरी प्रसन्न’ अशीच होती.
सुकाणू सरळ धरलं की निघाली डाव्या खडकाकडे.
सुताराने दोनदा बघितलं, दोनदा बिडी ओढून गेला.
बाबा म्हणायचे, ‘वांगडा येता गो ती, पण आपल्या मनान.’
एकतीस वर्षं आणली त्यांनी तिला खाडीत,
मनगट जरासं उजवीकडे ठेवून.
गेल्या साली विकली.

मंगळवारी पुरशा आला, भिजलेला, हातात हत्यारांचा डबा.
‘काडी बदलून दितंय. पैशे नको, बसान कंटाळलंय.’
दहा मिनिटं. कथलाचा वास माळाभर.
तलवारबाज ताठ उभा राहिला,
फोटो काढून घ्यायला आल्यासारखा.

मी निघालो पुलावर.
घुबडतोंडे पहारेकरी, त्यांचे बाण,
सगळं पाठ आहे मला, झोपेत चुकवीन.
तिसऱ्या फळीवर पडलो.
उजवीकडे.
पुन्हा. उजवीकडे.
कोणी मारलं नव्हतं. कोणी धक्का दिला नव्हता.
सात वेळा तो आपणहून
दरीत चालत गेला, तलवार उपसलेली.

पुरशा हसला. मग माझ्या अंगठ्याकडे बघून
हसायचा थांबला.

खाली पाणंदीतून बाबा बंदरावर चालले होते,
छत्री घेऊन, होडी नसताना, रोजच्यासारखे.
पाणंद सरळ आहे. आमच्या दारापासून थेट धक्क्यापर्यंत.
बाबा जाताना गिरकरांच्या कुंपणाला घासत जातात,
येताना सारंगांच्या.
सारंगांची म्हातारी म्हणते,
तुझो बापूस माझी जास्वंद फुलूक देणा नाय.

‘जुनी परत घालू काय?’ पुरशाने विचारलं.
ती त्याच्या खिशात होती, बिड्यांच्या बंडलाशेजारी.

थांब, म्हटलं.
रिमोट मांडीवर ठेवला, दोन्ही हात काढून घेतले.
पुलाच्या अलीकडे चार चित्रांचा श्वास.
आम्ही दोघं बघत राहिलो.
तो पहिल्यांदाच
जिथे होता तिथे उभा होता.